पोटॅशची गोणी, बेदाण्याची पावडर आणि बेलारूस

सावळजचा बागायतदार

मंडळी, नमस्कार. तासगाव तालुक्यात सावळज भागात आमची द्राक्षबाग आहे. थॉम्पसन आणि सुपर सोनाका, माल सगळा बेदाण्याला जातो. परवा शेडवर बुडवणीची, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवून काढायची, तयारी चालली होती. 100 लिटर पाण्याला अडीच किलो पावडर आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, हे माप आमच्याकडं आता लहान पोरालाही पाठ आहे. पुतण्या बारावीला आहे. पावडरीच्या पिशवीवरचं नाव वाचून तो म्हणाला, "काका, पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे पोटॅशच की. छाटणीनंतर टाकता ते आणि हे एकाच घरातलं." मी म्हणालो, ते खत आणि हे औषध, काहीतरी बोलू नको. रात्री वाचत बसलो, तर पोराचं खरं निघालं.

वीस वर्षं मी ही पावडर वापरतोय आणि ती कुठून येते हे मला माहीत नव्हतं. म्हणून हा धागा काढतोय. जे समजलं ते मांडतो, चुकलं तर सांगा.

पोटॅश हे खनिज आहे. फार जुने समुद्र आटून जमिनीत खोल गाडले गेले, त्यांच्या मिठाच्या थरात ते सापडतं. भारतात त्याची एकही चालू खाण नाही. म्हणजे आपण टाकतो तो लाल पोटॅश, 0-0-60 (नत्र, स्फुरद शून्य आणि पालाश म्हणजे पोटॅश 60 टक्के), दाणा न् दाणा बोटीनं येतो. चांगल्या वर्षी देशात 40 लाख टनांच्या आसपास माल उतरतो. देणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे: कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन, जर्मनी. पहिल्या तिघांकडंच जगाच्या उत्पादनाचा जवळपास दोन तृतीयांश वाटा आहे. कच्च्या तेलाच्या भावावर आपल्या पारावर रोज चर्चा होते. पोटॅश त्याहून कमी हातांत आहे, त्याबद्दल एक शब्द निघत नाही.

आता पावडर. खाणीतल्या पोटॅशच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक पोटॅश करतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मुरवून पोटॅशियम कार्बोनेट. दक्षिण कोरिया त्याचा मोठा उत्पादक आहे, आणि कोरियात स्वतःची पोटॅशची खाण नाही. म्हणजे खनिज एका देशातून निघतं, दुसऱ्या देशात त्याची पावडर होते आणि ती येऊन माझ्या मण्यावरच्या मेणाचा थर ढिला करते. तो थर ढिला झाला की मण्यातलं पाणी लवकर निघतं आणि माल 12 ते 15 दिवसांत वाळतो. नाहीतर महिना लागेल आणि मधे एखादा अवकाळी पाऊस आला तर सगळा माल काळा पडेल.

2022 च्या हंगामात ही पावडर मी आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त भावानं घेतली. दुकानदार म्हणाला, युद्ध सुरू आहे. मी मनात म्हणालो, कुठलं युद्ध आणि कुठला बेदाणा. आता कळतंय की त्याचा थेट संबंध होता.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा भाव ठरवतं कोण? आपल्याला खरंच एवढा पोटॅश लागतो का? आणि आपल्याकडं दुसरा काही मार्ग आहे का?

पलूसचं कृषी केंद्र

दादा, भावाचं मी सांगतो. 25 वर्षं काउंटरवर बसतोय.

युरियाचा भाव सरकार ठरवतं. पोटॅशचं तसं नाही. 1 एप्रिल 2010 पासून पोषणद्रव्यावर आधारित अनुदान सुरू झालं. तेव्हापासून सरकार किलोमागं ठरावीक रक्कम देतं आणि वरचा भाव कंपनी लावते. त्याआधी 50 किलोची गोणी सव्वादोनशेच्या आत होती. 2022 ला तीच गोणी 1,700 ला विकली. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघायचं आणि मला मान वर करता यायची नाही, कारण समोरच्याचा ऊस किंवा बाग मी बघितलेली असायची.

आणि अनुदान कमी होत गेलं हे लोकांना माहीतच नाही. 2022 च्या खरिपात किलो पोटॅशला 25 रुपये 31 पैसे होतं. 2023 च्या रब्बीपासून ते 2 रुपये 38 पैशांवर आलं. बाहेरचा भाव उतरला म्हणून अनुदान उतरवलं, त्यामुळं उतरलेल्या भावाचा फायदा गोणीवर फारसा दिसला नाही.

अजून एक दुखणं. टंचाईच्या काळात वरचा वितरक आम्हाला पोटॅशबरोबर दुसरा न खपणारा माल गळ्यात मारायचा. शंभर गोणी पाहिजे तर इतके डबे घ्या. तो माल मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही, अजून गोडाऊनला पडून आहे. पण सगळ्यांना ते परवडलं नसेल. खताचा रेक, म्हणजे रेल्वेची मालगाडी, लागला की पहाटे जाऊन उभं राहायचं आणि गाडीत काय भरून मिळेल ते आणायचं, असे दिवस काढलेत.

कोरेगावचे आबा

माझं वय 74. पोटॅश हे नाव मूळचं राखेवरूनच आलंय, हे आमच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलेलं अजून आठवतं. लाकडाची राख भांड्यात भिजवायची, वरचं पाणी आटवायचं, तळाला राहील ते पोटॅश. आमची आई चुलीची राख वांग्यावर, भोपळ्याच्या वेलावर मारायची. भांडीही राखेनंच घासायची. राख हाताला बुळबुळीत लागते ती त्याच क्षारामुळं. आता चूल गेली, राखही गेली.

सावळजचा बागायतदार

आबा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण कालच मी वाचलं की रोमन काळातले शेतकरी बेदाणा करताना द्राक्षं राखेच्या उकळत्या निवळीत आणि तेलात बुडवून काढायचे. म्हणजे आपली पावडर आणि डिपिंग ऑइल हेच, दोन हजार वर्षांपूर्वी. अमेरिकेनं 1790 साली जे पहिलं पेटंट दिलं, तेही राखेपासून पोटॅश करायच्या कृतीचंच होतं.

मिरजकर, सध्या सास्काटून

धागा बघितला आणि रात्रपाळीवरून येऊन झोपायच्या आधी लिहायला बसलो. मी मिरजेचा, आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो. गेली सात वर्षं कॅनडात, सास्काचेवान प्रांतातल्या एका पोटॅशच्या खाणीत काम करतो. तुमच्या गोणीतला लाल दाणा कसा निघतो ते मी रोज बघतो, म्हणून सांगतो.

पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरायला काही मिनिटं लागतात. खोली एक किलोमीटरच्या आसपास. वर उणे 35 असलं तरी खाली शर्टावर काम करतो, जमिनीची ऊब असते. भिंती गुलाबी, मधे मधे पांढऱ्या आणि विटकरी रेषा. तो रंग लोहाचा, पोटॅशचा नाही. दगडाचा तुकडा जिभेला लावला की मीठच, पण मागून कडवट चव येते. तो कडवटपणा म्हणजे पोटॅश. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्याचं हे मीठ. मोठमोठी बोअर यंत्रं भिंत खरवडत पुढं जातात, माल पट्ट्यावरून मैलोन् मैल येतो आणि वर आणून त्यातलं साधं मीठ वेगळं काढतात.

इथं पोटॅश सापडला तो 1943 ला, तेल शोधताना. पण प्रत्यक्ष खाण व्यवस्थित चालायला 1960 चं दशक उजाडलं, कारण मधल्या थरात प्रचंड दाबाचं पाणी आहे. खाणीत उतरायची विहीर (शाफ्ट) खणताना तो थर चक्क गोठवला, आतून ओतीव लोखंडाचं अस्तर लावलं आणि मग खाली गेले. पाणी हा पोटॅशच्या खाणीचा शत्रू. कोळशाच्या खाणीत पाणी आलं तर उपसता येतं, इथं भिंतच विरघळते. 2021 मधे एस्टरहेझी इथल्या दोन जुन्या विहिरी अशाच खारं पाणी शिरत राहिल्यामुळं ठरल्यापेक्षा आधी बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी बेलारूसवर निर्बंध येत होते. दोन्ही गोष्टी एकदम आल्या.

नवीन खाण म्हणाल तर पटकन होत नाही. जॅन्सन नावाचा मोठा प्रकल्प इथून जवळच आहे. त्याला ऑगस्ट 2021 मधे पक्की मंजुरी मिळाली, खर्चाचा तेव्हाचा अंदाज 5.7 अब्ज डॉलर. त्याच्या विहिरी त्याआधी कित्येक वर्षं खणत होते. तरी माल निघायची तारीख 2027 वर गेली आहे. म्हणजे भाव वाढला म्हणून उद्या कुणी नवी खाण काढेल आणि भाव पडेल, असं इथं होत नाही.

खाणीपासून बंदर हजार मैलांवर आणि मधे रॉकी पर्वत. जुलै 2023 ला पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदर कामगारांचा संप झाला, ऑगस्ट 2024 ला दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांनी टाळेबंदी केली. दोन्ही वेळा आम्ही खाली माल काढत होतो आणि वर वॅगन हलत नव्हत्या. घरी फोन केला की वडील विचारायचे, पोटॅश का मिळंना? आमची अडीच एकर ऊस आहे म्हैसाळला. मी पोटॅशच्या डोंगरावर उभा आणि वडील गोणीसाठी दुकानात उभे, हे मला फार लागलं.

आकडेवारी वाचणारा, विश्रामबाग

भाव कोण ठरवतं याचं उरलेलं उत्तर माझ्याकडून.

पोटॅशला सोन्याचांदीसारखा उघडा बाजार नाही. भारत आणि चीन हे मोठे गिऱ्हाईक, त्यांचे वार्षिक करार होतात आणि बाकीचे त्याकडं बघून बोलतात. आपल्याकडून इंडियन पोटॅश लिमिटेडचा करार मुख्य धरतात. जानेवारी 2021 ला बेलारूसशी 247 डॉलर टनाला ठरलं होतं. एका वर्षात, 2022 च्या करारात, 590 डॉलर. 2023 च्या एप्रिलमध्ये 422. 2024 ला 300 च्या खाली. 2025 ला परत 349. हा झोका बघा आणि त्यावर रुपया घसरलेला धरा.

590 का झाले? बेलारूसला समुद्र नाही. तिथल्या सोलिगोर्स्कच्या खाणींचा माल रेल्वेनं लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदराला जायचा. मे 2021 मधे बेलारूसनं एक प्रवासी विमान उतरवून त्यातल्या पत्रकाराला अटक केली, त्यावरून निर्बंध कडक झाले. 1 फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियानं त्यांच्या पोटॅशची वाहतूक थांबवली. 24 तारखेला रशिया युक्रेनमधे घुसला. एका महिन्यात जगाच्या एक तृतीयांश मालाबद्दल कुणालाच खात्री उरली नाही.

आणि स्वस्त होतो तेव्हा का होतो, तेही बघण्यासारखं आहे. रशियाची उरलकाली कंपनी आणि बेलारूस मिळून एकाच दुकानातून माल विकायचे. जुलै 2013 ला उरलकालीनं ती जोडी मोडली. पुढच्याच महिन्यात तिच्या प्रमुखाला चर्चेसाठी बेलारूसच्या राजधानीला, मिन्स्कला बोलावलं आणि विमानतळावर अटक केली. भाव 400 वरून 300 कडं घसरला. म्हणजे जमिनीतला माल तेवढाच, खाणी त्याच, फक्त दोन विकणारे भांडले. आधी आपण किती जास्त देत होतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

पहिल्या महायुद्धातही असंच झालं होतं. तेव्हा सगळा व्यापारी पोटॅश जर्मनीच्या हातात, 1861 पासून श्टासफुर्टला कारखाना. युद्धात निर्यात बंद झाली आणि अमेरिकेत भाव अनेक पटींनी वाढले. लोकांनी समुद्री शेवाळ जाळून पोटॅश काढला. शंभर वर्षांनी देश बदलले, खेळ तोच.

माती परीक्षण, कराड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, सास्काटूनच्या भावाचा तर दोनदा वाचला. पण मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न तसाच राहिलाय, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. आपल्याला एवढा लागतो का?

मी रोज माती तपासते. हेक्टरी 280 किलोच्या वर उपलब्ध पालाश असेल तर आम्ही 'जास्त' लिहितो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींचे कितीतरी नमुने या रेषेच्या खूप वर येतात. बेसॉल्टची काळी माती, तिची चिकणमाती पालाश धरून ठेवते. तरी शेतकरी म्हणतो, ताई, एकरी दोन गोण्या टाकतोच, वडील टाकायचे. उलट माळावरच्या मुरमाड बागेचा नमुना येतो, त्यात पालाश खरोखर कमी असतो आणि तिथं पैसे नाहीत म्हणून कमी टाकलेला असतो.

द्राक्षात जास्त पालाशाचं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय. मॅग्नेशियम घेता येत नाही, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. मग मॅग्नेशियमची पोती आणायची. आणि लाल पोटॅशमधे क्लोराईड असतं. वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड जमिनीत, जिथं निचराच नाही, तिथं ते टाकणं म्हणजे दुखण्यावर मीठच. द्राक्षाला क्लोराईड सोसत नाही म्हणून सल्फेटचा पोटॅश वापरायचा, 0-0-50. तो महाग, कारण बराचसा लाल पोटॅशपासूनच गंधकाच्या आम्लाबरोबर भट्टीत तापवून करतात. म्हणजे मूळ खनिज महागलं की तो आपोआप महाग. त्यात विद्राव्य खतं आपण मुख्यतः चीनकडून घेतो, आणि 2025 च्या जूनमधे तिकडून भारताकडं येणारा माल तपासणीच्या नावाखाली अडला होता.

दादा, एवढंच सांगते: छाटणीनंतर देठ परीक्षण करा आणि आकडा बघून टाका. बाहेरच्या खाणीवरचं अवलंबन कमी करायचा सगळ्यात स्वस्त रस्ता आपल्या मातीच्या अहवालातून जातो.

सावळजचा बागायतदार

ताई, देठ परीक्षण करतो, पण खरं सांगायचं तर अहवाल आल्यावर सुद्धा पोटॅश कमी करायला हात धजत नाही. मण्याला गोडी आणि वजन पोटॅशनं येतं हे डोक्यात पक्कं बसलंय. बेदाण्याचा सौदा मण्याच्या रंगावर, आकारावर होतो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, त्यात शंभर ग्रॅमचा फरक पडला तरी वर्षाचं गणित बदलतं. ही भीती अहवालानं जात नाही. शेजारच्या कुणी कमी टाकून चांगला माल काढलेला बघितला तर जाईल.

डिस्टिलरीतला केमिस्ट, वाळवा तालुका

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा. दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्याच्या धुराड्याखाली साठतो आहे.

ऊस जमिनीतून नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलतो. तो साखरेत जात नाही. साखर शुद्ध होते तसा पालाश मळीत साठत जातो. मळीपासून अल्कोहोल केलं की तो मागे उरलेल्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये उतरतो. पूर्वी या स्पेंटवॉशचं काय झालं, नदीकाठच्या लोकांना सांगायची गरज नाही. काळं पाणी आणि वर आलेले मासे सगळ्यांनी बघितले आहेत. मी या धंद्यातला असून सांगतो, ते चुकीचंच होतं. तेव्हा आपण नदीत विष सोडत होतो आणि त्याच पाण्यातून आयात केलेला पोटॅशही वाहून घालवत होतो.

आता स्पेंटवॉश आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. त्याची वाफ कारखान्याला मिळते आणि खाली राख राहते. या राखेत पालाश असतो. तिचे दाणे करून विकतात, नाव 'पीडीएम', म्हणजे मळीपासूनचा पोटॅश. किमान 14.5 टक्के पालाश. ऑक्टोबर 2021 मध्ये सरकारने त्याला अनुदानाच्या योजनेत घेतलं. जानेवारी 2024 मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना विकायचा दर टनाला 4,263 रुपये ठरला आणि वर टनाला 345 रुपये अनुदान. ते 345 कसे आले? टनात 145 किलो पालाश, गुणिले 2 रुपये 38 पैसे. परदेशी गोणीला जो दर, तोच इथल्या राखेला.

आता हिशेब मांडा. 4,263 भागिले 145, म्हणजे कारखान्याच्या दारात किलो पालाश साडेएकोणतीस रुपयांच्या आत. लाल पोटॅशची गोणी दीड हजाराला धरली तर तिच्यात 30 किलो पालाश, म्हणजे किलोला 50 रुपये. फरक मोठा आहे. पण एका लाल गोणीच्या जागी पीडीएमच्या चार गोण्या लागतात, वाहतूक चौपट, हमाली चौपट. म्हणून हा माल लांब पाठवण्यात अर्थ नाही. ज्या कारखान्याला ऊस घातला, त्याच्याच गटात तो परत गेला पाहिजे. ऊस आणणाऱ्या गाड्या रिकाम्या परत जातात, त्यांतून ही राख का जाऊ नये?

देशाचा सगळा पोटॅश यातून निघणार नाही. आणि त्या राखेतही क्लोराईड असतं, त्यामुळे कराडच्या ताई म्हणतात ते क्षारपड जमिनीला आणि द्राक्षाला लागू आहेच. हा माल उसाला, केळीला, हळदीला. राजस्थानात नागौर-गंगानगरच्या बाजूला खोलवर पोटॅशयुक्त मिठाचे थर सापडले आहेत, 2021 मध्ये त्यासाठी करारही झाला, आणि 2023 मध्ये केंद्राने 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत पोटॅश घेतला. ती खाण होईल तेव्हा होईल. राख आज आहे.

पलूसचं कृषी केंद्र

केमिस्ट साहेब, माझ्याकडं ही गोणी दोनदा आली. लोक हातात घेऊन म्हणतात, राख आहे, पैसे कशाचे? लाल रंग दिसला नाही की विश्वास बसत नाही. एक विनंती. प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल गोणीबरोबर द्या. पहिल्या खेपेला माल दमट येऊन ढेकळं झाली होती, पेरणी यंत्रातून पडेना. तेवढं सुधारलं तर विकायची जबाबदारी माझी.

कोरेगावचे आबा

राखेला नाव ठेवणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा.

मिरजकर, सध्या सास्काटून

केमिस्ट साहेब, म्हैसाळच्या आमच्या उसाला ही राख चालेल का? जमीन काळी आहे, निचरा बरा आहे, माती परीक्षण चार वर्षांपूर्वीचं. वडिलांचा नंबर तुम्हाला निरोपातून पाठवतो.

डिस्टिलरीतला केमिस्ट, वाळवा तालुका

आधी माती ताज्यानं तपासा, कराडच्या ताईंकडेच पाठवा. पालाश 'जास्त' निघाला तर काही टाकू नका, राखसुद्धा नाही. कमी निघाला तर मी स्वतः येऊन माप सांगतो.

सावळजचा बागायतदार

सगळ्यांचे आभार. आजची बुडवणी झाली, सात वाजता शेडवरून आलो. पुतण्याला धागा वाचून दाखवला. तो पावडरीच्या उरलेल्या द्रावणाचं विचारत होता. आम्ही ते शेवटी शेडच्या मागं ओततो, तिथं गवतसुद्धा उगवत नाही. एवढी महाग, एवढ्या लांबून आलेली वस्तू अशी एकाच जागी ओतायची नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलंय. कराडच्या ताई, त्या जागेची माती आणि उरलेलं द्रावण, दोन्ही सोमवारी घेऊन येतो. येत्या छाटणीला दोन ओळींना निम्मा पोटॅश, बाकी बाग नेहमीसारखी. मणी मोजून, वाळवून, वजन इथंच टाकेन.

माती परीक्षण, कराड

सोमवारी अकराच्या आत या. मातीचा नमुना एकाच खड्ड्यातला नको, पाच-सहा ठिकाणचा मिसळून आणा. आणि निम्म्या पोटॅशच्या दोन ओळी बागेच्या कडेच्या नकोत, मधल्या धरा.